सलाइन लावलं की बरं वाटतं, मग आजार कोणता?

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत. दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. मागच्या हंगामात बाजार समितीत कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे असताना त्यांच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. दरदरून घाम आला, हाताला मुंग्या आल्या, ‘आता काही मी वाचत नाही’ असं म्हणू लागले. दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला, सलाइन लावलं आणि अर्ध्या तासात बरे झाले. त्यानंतर असं पुष्कळदा झालं. दरवेळी ईसीजी नॉर्मल, दरवेळी सलाइनने आराम. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. आता ते एकटे एसटीतसुद्धा बसत नाहीत. आजारच नाही तर सलाइनने बरं कसं वाटतं? आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेलो तर जन्मभर गोळ्या मागे लागतील का? खर्रा सोडायला सांगावा का, तेही लिहा.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचा घोळ असा आहे की रिपोर्ट म्हणतो काही झालेलं नाही आणि माणूस तर तुमच्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडतो. यातलं खरं काय? दोन्ही खरं आहे. हृदय ठीक आहे आणि धडधडही खरी आहे. पत्र वाचून निदान करता येत नाही, ते डॉक्टरांनी समोर बसवूनच करायला हवं. पण तुम्ही जे लिहिलंय ते पॅनिक अटॅकच्या, म्हणजे भीतीच्या झटक्याच्या वर्णनाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं. तसं धरून पुढे जाऊ.

आपल्या शरीरात धोक्याची सूचना देणारी एक व्यवस्था आहे. पायाजवळ साप दिसला की विचार करायच्या आत आपण मागे उडी मारतो, ती तिचीच करामत. मेंदूकडून इशारा जातो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, अंग थंड ठेवायला घाम सुटतो, आणि कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळल्याने हातपाय गार पडतात. पळायची किंवा लढायची ही तयारी. तुमच्याकडे रानडुकरं आणि रोही हाकलायला शेताला झटका मशीन लावतात. तारेला गवताची काडी टेकली तरी त्याचा भोंगा वाजतो. भोंगा खरा, आवाज खरा, फक्त शेतात डुक्कर नसतं. भीतीच्या झटक्यात नेमकं हेच होतं.

मुंग्यांचं कारण वेगळं आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे प्राणवायू वाढायचा तो फारसा वाढत नाही, कारण रक्तात तो आधीच पुरेसा असतो. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. तो कमी झाला की रक्ताची आम्लता घटते, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. कधी बोटं आखडून वाकडीही होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटू लागतं. आखडलेली बोटं पाहून घरचे ‘लकवा मारला’ म्हणून ओरडतात. त्या ओरडण्याने श्वास आणखी वाढतो, हे सांगायला नकोच.

आता सलाइनचं कोडं. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत ओसरतो. सुटलेलं अ‍ॅड्रिनलिन शरीर लगेच मोडून टाकतं, आणि हृदयाला आवर घालणारी दुसरी व्यवस्था काम सुरू करते. झटका कायम राहणं शरीराला परवडतच नाही. आता तुम्ही घड्याळ लावून पाहा. रांगेतून बाहेर काढलं, कुणाच्या तरी गाडीवर बसवलं, दवाखाना गाठला, केसपेपर काढला, ईसीजी झाला, सिस्टरांनी शीर शोधली. एवढ्यात अर्धा तास झालाच. बाटलीचे थेंब पडायला लागले तेव्हा झटका आपणहून उतरणीला लागलेला होता. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घातलं की ते पिवळं दिसतं आणि जास्त ‘पॉवरचं’ वाटतं. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी गेलं असेल तर हीच बाटली जीव वाचवते. भीतीवर तिचा काही इलाज नाही. कधी डॉक्टर सोबत शांत करणारं इंजेक्शन देतात, त्याचा गुण येतो, पण तो त्या इंजेक्शनचा.

याच न्यायाने लिंबाचा उतारा, अंगारा, हुंगवलेला कांदा आणि पाजलेलं साखरपाणी या सगळ्यांना गुण येतो. जो उपाय विसाव्या मिनिटाला हाताशी असतो, श्रेय त्याला मिळतं. सासूबाईंना यात दोष देऊ नका. त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं आहे, अर्थ तेवढा वेगळा लावला.

यात बिघडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. मिठाचं पाणी तर मिठाचं पाणी, माणूस बरा झाला ना? बिघडतं ते इथे. प्रत्येक बाटलीबरोबर तुमच्या मिस्टरांच्या मनात एक हिशेब पक्का होतो, की सलाइन मिळालं म्हणून वाचलो. मग त्याची दुसरी बाजू आपोआप येते. सलाइन मिळालं नाही तर? म्हणून दवाखान्यापासून लांब जायला नको. एसटी मध्येच थांबवता येत नाही, म्हणून एसटी नको. रांग सोडता येत नाही, म्हणून बाजार समिती नको. सोबत कुणीतरी हवं, खिशात गोळी हवी, हातात पाण्याची बाटली हवी. झटका अर्ध्या तासाचा, पण त्याची धास्ती चोवीस तासांची. खरा आजार ही धास्तीच आहे.

डॉक्टरही हाच भेद करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत आयुष्यात कधी ना कधी असा एखादा झटका येऊन गेलेले लोक शंभरात सुमारे तेरा निघाले. ज्यांना झटके वारंवार येतात आणि पुढच्या झटक्याच्या भीतीने ज्यांचं वागणं बदलून जातं, असे शंभरात दोनहून कमी. या दुसऱ्या अवस्थेला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, आणि ती ठरवताना झटक्यानंतर निदान महिनाभर अशी धास्ती आहे का हे विचारतात. तेव्हा ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. हृदयाला काही नाही हे सांगितलं ते बरंच झालं. मग काय आहे, हे सांगायचं राहिलं. टेन्शन घेऊ नका म्हटल्याने ज्याचं टेन्शन गेलं असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मजबूत, कष्टाच्या माणसाला असं कसं झालं, हाही प्रश्न तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांना छातीत धडधड, धाप आणि चक्कर यायची. जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी तीनशेवर सैनिक तपासून १८७१ मध्ये त्यावर लेख लिहिला. हृदयात बिघाड दिसेना आणि त्रास तर उघड दिसत होता. त्या सगळ्यांना आजच्या व्याख्येने पॅनिक म्हणता येणार नाही, पण मनाने कच्च्या माणसालाच असं होतं ही समजूत मोडायला एवढं पुरे. अपुरी झोप, उपाशीपोटी चार-चार कप चहा, ऊन, कर्जाचा हप्ता, भावाची घसरण, घराण्यातला घाबरट स्वभाव, यातलं काहीही भोंग्याची तार हुळहुळी करू शकतं. आणि पुष्कळदा पहिला झटका काहीच कारण नसताना येतो, झोपेतूनही उठवतो. त्यामुळे ‘त्या दिवशी असं काय घडलं’ याचा फार शोध घेत बसू नका.

इथे मात्र एक मोठी सावधगिरी. एकदा पॅनिक म्हटलं की पुढचं सगळं पॅनिकच, असं धरू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, चालताना किंवा ओझं उचलताना वाढणारं दुखणं, खरोखर शुद्ध हरपणं, यांपैकी काही असेल, किंवा रुग्ण चाळिशीपुढचा, मधुमेही वा रक्तदाबाचा असेल, तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी पुन्हा काढा. भीतीच्या झटक्यात रक्तदाब सहसा चढलेला असतो, त्यामुळे ‘पडेन, पडेन’ वाटतं पण माणूस क्वचितच पडतो. थायरॉइड वाढणं, रक्त कमी असणं, साखर उतरणं, हृदयाच्या ठोक्यांची गडबड आणि रोजची दारू एकदम बंद करणं, यांतही असंच होतं. म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. एकदा, दर महिन्याला नव्हे.

आणि यवतमाळात राहता म्हणून आणखी एक. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना तुमच्या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. फवारणीच्या दिवशी किंवा त्यानंतर घाम, धाप, घाबरल्यासारखं झालं तर ते विषबाधाच समजून थेट रुग्णालयात न्या. भीतीच्या झटक्यात तोंडाला कोरड पडते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत उलट लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात, स्नायू फडफडतात. हा फरक माहितीसाठी सांगितला, घरी बसून बाहुल्या मोजायला नव्हे. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. मे महिन्यातल्या उन्हात काम करताना असं झालं तर आधी उष्माघाताचा विचार करा.

आता उपचार. यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय बोलण्याचा आणि सरावाचा आहे, गोळीशिवायचा. त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी म्हणतात. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये झटक्याची साखळी नीट मांडून दाखवली : अंगात काहीतरी जाणवतं, माणूस त्याचा भयंकर अर्थ लावतो (‘हार्ट अटॅकच आला’), त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने अंगातली जाणीव वाढते, आणि चक्र फिरत राहतं. उपचार हे चक्र अर्थाच्या कडीपाशी तोडतो. समुपदेशक आधी विचारतो, इतक्या वेळा ‘मी मरतो’ वाटलं, मग प्रत्यक्षात काय झालं? मग खोलीतच, मुद्दाम, झटक्यासारखं वाटायला लावतो. जागच्या जागी एक मिनिट धावा, स्वतःभोवती गिरक्या घ्या, बारीक नळीतून श्वास घ्या. धडधड येते, गरगरतं, आणि काहीही न करता ओसरतं. शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते शरीराला असं दोन-चार वेळा अनुभवून पटतं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

याचाच दुसरा भाग म्हणजे टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जाणं. पहिल्या दिवशी फक्त दारव्ह्याच्या बसस्थानकावर अर्धा तास बसायचं. मग तुमच्यासोबत लाडखेडपर्यंत एसटीने जायचं. मग तुम्ही पुढच्या सीटवर, ते मागे. मग एकटे. शेवटी यवतमाळ. एक अट कटाक्षाने पाळायची : धडधड सुरू झाली म्हणून लगेच उतरायचं नाही. उतरले की पुन्हा तोच हिशेब, ‘उतरलो म्हणून वाचलो’. धडधड चढू द्यावी, उतरू द्यावी, मग आपला थांबा आला की उतरावं. दहा-बारा बैठकांत बहुतेकांना चांगला फरक पडतो.

गोळ्यांबद्दलची धास्ती समजण्यासारखी आहे, पण दोन वेगळ्या जातींच्या गोळ्या लोक एकाच पिशवीत घालतात. एस्सिटालोप्राम, सरट्रालिन यांसारख्या गोळ्या रोज घ्यायच्या, त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्यांची नशा जडत नाही. पहिल्या आठवड्यात त्या कधी थोडी बेचैनी वाढवतात, म्हणून डॉक्टर लहान मात्रेने सुरुवात करतात. नेमकं त्याच वेळी ‘गोळीने जास्तच झालं’ म्हणून अनेकजण सोडून देतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर त्या चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. जन्मभर घ्याव्या लागणारे थोडे. दुसरी जात अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. अर्ध्या तासात गुण, म्हणून आवडीची, आणि सवय लागते ती हिचीच. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर गोष्ट वेगळी. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं घेणं धोक्याचं. अनेक दिवस घेतली असेल तर मनाने एकदम बंदही करू नका.

प्रत्यक्ष झटका आला तेव्हा तुम्ही काय करायचं? सगळे म्हणतात, ‘मोठा श्वास घे.’ हा सल्ला चुकीच्या टोकाकडून पकडलेला आहे. श्वास आधीच जास्त झालाय, कमी पडतोय तो सावकाश सोडण्यात. नाकाने चार अंक मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, एक हात पोटावर ठेवून. सिनेमात दाखवतात ती कागदी पिशवी तोंडाला लावू नका. दुखणं खरोखर हृदयाचं किंवा फुप्फुसाचं निघालं तर तिने प्राणवायू कमी पडून जीवावर बेतू शकतं. भोवती गर्दी नको, हातपाय चोळणं नको. शेजारी बसून साध्या आवाजात एवढंच म्हणा, ‘हे मागच्यासारखंच आहे, थोड्या वेळात जाईल, मी इथे आहे.’ समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची वगैरे युक्त्याही लोक सांगतात. लक्ष वळवायला त्या ठीक आहेत. माझं मत विचाराल तर त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये, श्वासाच्या व्यायामावरही नाही. ‘श्वास मोजला म्हणून वाचलो’ असं वाटू लागलं की ती नवी सलाइनची बाटलीच झाली.

जायचं कुठे? यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. त्याशिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सुरू केलेला प्रेरणा प्रकल्पही यवतमाळात आला. गावच्या आशाताईंना विचारा, त्यांना वाट माहीत असते. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. सीबीटी नीट येणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळणं कठीण, हे मी नाकारत नाही. म्हणून पहिल्या भेटीत निदान पक्कं करून घ्या, एसटीची पायरी-पायरी डॉक्टरांसमोर कागदावर लिहून घ्या आणि पुढचं विचारायला फोन वापरा. लोकांना कळेल ही भीती असेल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. आणि ‘बाहेरचं’ काढायला कुणी मारझोड किंवा चटके सुचवले तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सासूबाईंचा अंगारा मात्र राहू द्या, त्यावर भांडण काढून घरात दुसरं टेन्शन नको.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. झटक्यांना कंटाळून माणूस उदासही होतो. झोप उडाली, जेवणावरून मन उडालं, ‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’ अशी भाषा आली, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा किंवा रुग्णालय गाठा.

राहिला खर्रा. हो, सोडायला सांगा. तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं, सुपारीतली द्रव्यंही त्यात हातभार लावतात, आणि ज्याला धडधडीचीच भीती आहे त्याने दिवसातून अनेकदा ती विकत घेऊन तोंडात टाकावी हे काही बरं नाही. खर्रा खाल्ला की डोकं शांत होतं असं ते म्हणतील. खोटं नाही, पण शांत होते ती आधीच्या खर्ऱ्याने लावलेली तलफ. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, बेचैनी आणि झोपमोड होईल. ते जुनं दुखणं उलटलं असं समजून दवाखान्यात सलाइनला पळू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तो त्यांनी स्वतः लावला तर उत्तम.